एक्स-रेचा साचा

लग्नाला सगळ्या घराण्याने एकाच कापडाचे, एकाच नक्षीचे कपडे घालायचे, ही आमच्या फिजीतली रीत. पुतण्याचं लग्न शनिवारी होतं. काळ्या कापडाचे चौदा झगे शिवून झाले होते, नक्षी तेवढी बाकी. माझी लेक विलिमाइना सुवाच्या इस्पितळात पडलेली, फुप्फुसावर पांढरा डाग. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण लग्न काही कुणासाठी थांबत नाही.

आमच्या वातुलेले बेटावर आम्ही नक्षीचे साचे जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे करतो. फिल्म आधी ब्लीचमध्ये भिजवायची, काळं धुऊन निघतं, मग नक्षी कातरायची. नणंदेने, माकेरेताने, घाईघाईत न धुताच कातरली. कोपऱ्यातलं नाव मी नंतर वाचलं. विलिमाइनाचं!

"अगं बये, डोळे फुटले होते का तुझे?"

"वहिनी, जुनीच फिल्म ना ती? आता कातरली ती कातरली."

रागारागानेच मी साचा पहिल्या झग्यावर ठेवला आणि ब्लीचचा स्पंज फिरवला. काळ्या कापडातून ब्लीच विटकरी रंग काढतं, तीस वर्षांत मी दुसरा पाहिला नाही. हे पांढरंशुभ्र उमटलं. आणि नक्षीच्या मधे, जिथे साच्याला भोकच नव्हतं, तिथे नखाएवढा पांढरा डाग.

फिल्म उजेडात धरली. तिच्यावरचा डाग तेवढाच आक्रसला होता. ब्लीच काळं खातं, काळं भरत नाही. एवढं मला नक्की कळतं.

तिसरा झगा झाला तेव्हा लेकीचा फोन आला.

"आई, आज खोकला कमी आहे गं. कसावा मागून खाल्ला."

फोन ठेवला आणि मी ओरडले, "माकेरेता, पुढचा आण!"

"दमलीस तू. चहा तरी घे."

"माझी पोर आहे ती! आण म्हटलं ना!"

आठव्या झग्यावर डाग संपला. तिथेच थांबायला हवं होतं. पण नक्षी चौदांवर एकसारखी हवी. आणि खरं सांगायचं तर मला धास्ती होती, थांबले तर डाग परत येईल. मी नववा ओढला.

नवव्यावर बारीक आडव्या रेघा उमटल्या.

"ही गं कसली नक्षी?" माकेरेता म्हणाली.

मी दहावा ओढला. फिल्मकडे बघायचं टाळलं.

चौदावा झाल्यावर बघितलं.

फासळ्या नव्हत्या. फिल्म काळीभोर होती.

मी झगे फिल्मवर दाबले, चोळले, देवाच्या विनवण्या केल्या. पांढरं परत जाईना.

फोन वाजला.

"आई, एकदम हलकं वाटतंय गं. धाप म्हणून नाही." विलिमाइना हसत होती. "ही नर्स मात्र मघापासून माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसलीय. मला म्हणते, जरा गप्प राहा. तिला काहीच ऐकू येत नाहीये."