भावजींचं वाऱ्याचं थडगं

“त्याला अख्खा मासा, आणि मला शेपूट.”

भावजी वाडग्यात तोंड घालून पुटपुटले. मी शेजारीच बसले होते, म्हणून ऐकू आलं. ताईला ऐकू आलं नाही... किंवा आलंही असेल.

‘तो’ म्हणजे भावजींचंच थडगं.

हसू नका. यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. आमच्या ली सोन बेटावर, लसणाच्या काढणीच्या दिवसांत, भर दुपारी हे घडलं. मी तिथं होते. नऊ वर्षं झाली, दुपारची मी अजून त्या थडग्याच्या वाटेनं जात नाही.

समुद्रानं माणूस परत दिला नाही, की आमच्याकडे त्याचा मातीचा माणूस करतात. तुतीच्या काटक्यांची हाडं, वर चिकणमाती. गावाचे विधी करणारे त्रुक आजोबा नाव घेऊन जिवाला हाक मारतात. मग दोन नाणी टाकतात. एक छापा, एक काटा पडला की समजायचं...

आला.

मग पुरायचं. आत देह नाही, म्हणून ते वाऱ्याचं थडगं.

खांग भावजींची बोट होआंग सा बेटांच्या बाजूला वादळात सापडली. तिथल्या ज्या खडकाआड आमचे आजे-पणजे आसरा घ्यायचे, तिथं आता परक्यांनी वाळू ओतून बेट उभं केलंय. वर दिवे, विमानं उतरायला जागा. आमच्या बोटींनी जवळ फिरकायचं नाही.

चार महिने वाट पाहून ताईनं मातीचे भावजी करवून घेतले. नाण्यांनी पहिल्याच फेकीला होकार दिला. ताई रोज दुपारी जेवणाचं ताट घेऊन तिथं जाऊन बसायची, बोलायची. आम्हाला वाटायचं, रडू दे, मोकळी होईल.

आणि अकराव्या महिन्यात भावजी दारात उभे. जिवंत.

एका मालवाहू जहाजानं त्यांना केव्हाच उचललं होतं. पण ते नेमके कुणाच्या पाण्यात सापडले, यावर देशादेशांचं एकमत होईना. तोवर माणूस अडकून पडला.

गाव रडलं, गाव जेवलं. एक प्रश्न तेवढा कुणी विचारला नाही.

ताईचं थडग्यावर जाणं काही थांबलं नाही. भावजी जळायला लागले. स्वतःच्याच नावावर जळणारा नवरा मी पहिल्यांदा पाहत होते. मी चिडवलंही, “भावजी, तुम्हाला सवत आलीय, आणि तीही तुम्हीच.”

ते हसले नाहीत.

मग एके दुपारी... मागच्या पडवीत खोकला.

भावजी तर धक्क्यावर जाळं दुरुस्त करत होते. शिवाय त्यांचा खोकला कोरडा. हा ओला होता.

मी जाऊन पाहिलं. कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी ताईच्या चटईवर, तिच्या डाव्या अंगाला... माणसाएवढी ओल. चिकणमातीचा वास.

भावजी उजवीकडे झोपायचे.

त्यांनी ती ओल पाहिली. फावडं उचललं आणि निघाले. मागं ताई, मी, आणि लंगडत त्रुक आजोबा. आजोबा म्हणत होते, आधी परवानगी विचारू.

“माझ्याच थडग्याला परवानगी कसली?” भावजी म्हणाले.

आजोबांनी तरीही नाणी टाकली.

नाही.

पुन्हा टाकली. नाही.

तिसऱ्यांदाही नाही. या वेळी आजोबांनी नाणी उचललीच नाहीत. आमच्यापैकी कुणाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तेवढ्यात वारा पडला. समोर लाटा फुटताना दिसत होत्या... पण आवाज नव्हता. आमच्या बेटावर समुद्र गप्प झालेला मी जन्मात पाहिला नव्हता.

भावजींनी फावडं वर नेलं. ताई मध्ये जाऊन उभी राहिली.

“बाजूला हो, लुयेन. माती आहे ती. माझ्या नावाची.”

“नाव तुमचं आहे,” ताई म्हणाली. कालवणात मीठ किती घालू विचारावं, इतक्या साध्या आवाजात. “पण हाकेला आला तो तुम्ही नव्हता. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला.”

भावजींचे हात वरच थांबले.

“कसं?”

“तो बोललेलं ऐकून घ्यायचा... आणि उत्तर द्यायचा.”