आत्याचं निळं पायपुसणं

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा उलटा येत होता. म्हणजे गाडीसकट. आमचं गॅरेज चढाच्या पायथ्याशी आहे. वर निघालेली त्याची छोटी पांढरी गाडी अर्ध्यावरून धापा टाकत मागे सरकत आली आणि नेमकी आमच्या फाटकात थांबली. काच खाली झाली. आत एक चष्मा, आणि चष्म्यामागे अगदी शांत डोळे.

"इथे गाड्या बघतात ना?"

"बघतोही, आणि दुरुस्तही करतो."

तो हसला. मी हसले नाही. सकाळपासून चहा मिळाला नव्हता.

तो डोळे तपासायचा. चढ संपतो तिथल्या दवाखान्यात रोज सकाळी जायचा आणि राहायचा इकडे खाली, आत्याकडे. गाडी सपाटीवर छान पळे, पण चढ लागला की तिचं अवसान गळे. दवाखान्याने त्याला वरच खोली देऊ केली होती. पंधरा दिवसांत गाडी सुधारली नाही, तर ती विकून तो वर राहायला जाणार होता. हे त्याने सहज सांगितलं आणि मीही सहज ऐकलं. तेव्हा ते खरंच सहज होतं.

मी पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि गाडी वर नेऊन आणली. तक्रारीला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा दारात.

"मेकॅनिकबाई, दुसऱ्या वळणावर बसली."

मग एअर फिल्टर झाला, प्लग झाले, क्लचही तपासून झाला. दर वेळी मी चालवली की गाडी शहाण्या मुलीसारखी चढे, आणि त्याच्या हातात गेली की रुसे.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाबा म्हणाले. गॅरेज बाबांचं, नियमही बाबांचे. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसण्याआधी खालचं पायपुसणं बाहेर काढायचं, तिथे वर्तमानपत्र पसरायचं, आणि काम झालं की सगळं होतं तसं ठेवायचं. तेलकट बुटाचा एक डाग दहा वर्षांचं गिऱ्हाईक घालवतो, असं त्यांचं म्हणणं. मी लहानपणापासून हेच करत आले आहे, झोपेतही करीन.

माझं काम चाले तेव्हा तो जुन्या टायरवर बसून राही. एकदा त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवरून माझे डोळे तपासले.

"डावा झाका. काय दिसतं?"

"तारखा."

"आता उजवा झाका… आता बरं, की मघाशी बरं?"

"दोन्ही सारखंच."

"कंटाळलेला पेशंट असंच म्हणतो," तो म्हणाला. "नीट बघून सांगा ना—"

मी नीट बघितलं. कॅलेंडरकडे नाही. मग हातातला प्लग उगाचच दुसऱ्यांदा पुसला.

बाराव्या दिवशी साडेआठ वाजून गेले आणि त्याची गाडी आली नाही. मी एका ट्रकखाली आडवी होते. माझ्या लक्षात आलं, की हात थांबलेत आणि मी रस्त्याकडे कान लावून पडले आहे. पावणेनवाला तो ओळखीचा आवाज आला, तेव्हा बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं. मला तो आवडायला लागला होता. ट्रकखाली पडून स्वतःशी खोटं बोलण्यात काही अर्थ नसतो.

पंधराव्या दिवशी त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक कागद काढून दाखवला. खोलीचा अर्ज होता, सही केलेला.

"आज द्यायचाय. तुम्ही खूप केलंत… गाडीचं नशीबच तसं."

"गाडीला नशीब नसतं," मी म्हणाले. "आज तुम्ही चालवा. मी शेजारी बसते."

आजवर दर वेळी मीच चालवली होती. तो चालवत असताना आम्ही कुणीच बसलो नव्हतो. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर गाडीचा दम गेला.

"दाबा ना अॅक्सिलरेटर!"

"दाबलाय. पूर्ण दाबलाय."

मी वाकले. माझे केस त्याच्या कोपराला लागले आणि त्याचा हात एकदम स्तब्ध झाला. खाली त्याचा बूट होता, बुटाखाली पेडल, आणि पेडलखाली घडी पडून बसलेलं, आत्याने विणलेलं, उशीएवढं जाड निळं पायपुसणं. पेडल अर्ध्यावरच अडत होतं. सपाटीला तेवढं पुरे, चढाला कुठून पुरणार?

आणि हे पायपुसणं दर वेळी गाडी चालवण्याआधी मी स्वतःच काढत होते. नंतर झटकून, नीटनेटकं करून परत घालत होते.

"थांबवा गाडी," मी म्हणाले. कान तापले होते. "चूक माझी आहे. गाडी पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे."

मी पायपुसणं ओढून काढलं, मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याने एकदा पायपुसण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे आता मला तुमच्याकडे यायचं कारणच उरलं नाही."

"नाही उरलं."

"आणि खोली?"

दुरुस्त गाडी रोज आमच्या फाटकावरून जाणार, ही एक गोष्ट. ती तिथे थांबेल का, ही दुसरी. दुसरीसाठी मलाच तोंड उघडावं लागणार होतं.

"घेऊ नकोस," मी म्हणाले. "मला रोज सकाळी तुझ्या गाडीचा आवाज ऐकायचाय."

"नुसता गाडीचा?"

"…चालवणाऱ्यासकट."

त्याने कप्पा उघडला, अर्ज काढला, उलगडला आणि पायाखालच्या मोकळ्या जागेत व्यवस्थित पसरला.

"तुमच्याकडे खाली कागद घालतात ना?" असं म्हणून त्याने त्यावर बूट ठेवला, पेडल तळापर्यंत दाबलं, आणि गाडी चढायला लागली.