तीन चोपन्नची विचारणा

ही ऐकीव गोष्ट नव्हे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, मार्चमधल्या एका गुरुवारी, भरदुपारी ती उघड झाली.

गहिनीनाथराव तिथल्या देखभाल विभागाचे प्रमुख. जुने डिप्लोमाधारक, शिस्तीचे. कारखान्यातली सगळी यंत्रं, हजेरीचं मशीन, भोंगासुद्धा, एकाच सर्व्हरला वेळ विचारून चालत. सर्व्हर ती इंटरनेटवरून घेई. कोणी कधी वेळ विचारली, याची नोंद त्यात राही.

नव्या इंजिनिअर अश्विनीने त्या दिवशी नोंदी उघडल्या.

"सर, सात नंबरची प्रेस रोज तीन चोपन्नला वेळ विचारतेय."

"सात नंबर?"

"हो... पण ती तर भंगारात गेली ना?"

पत्रा दाबणारी ती प्रेस गेली होती. सहा महिन्यांपूर्वी, तिच्यावरचा कामगार महेंद्र तिच्यात सापडून गेला त्यानंतर.

तेव्हा इंटरनेट तुटलं होतं. गहिनीनाथरावांनी सर्व्हरला हाताने वेळ लावली, मनगटावरचं घड्याळ पाहून. उशीर नको म्हणून ते घड्याळ त्यांनी जन्मभर दहा मिनिटं पुढे ठेवलेलं. घाईत तेच विसरले.

चार वाजता शिफ्ट सुटायचा भोंगा दहा मिनिटं आधी होऊ लागला. लवकर सुटका झाल्यावर तक्रार कोण करणार? एकट्या महेंद्रने केली.

"साहेब, भोंगा पुढं हाय."

"तुझं घड्याळ मागं आहे. सासऱ्याकडून नवं माग."

सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी भोंगा होताच सगळे निघाले. महेंद्र आपल्या घड्याळाप्रमाणे कामावर राहिला. तीन चोपन्नला प्रेस खाली आली. बंद करायला शेजारी कोणी नव्हतं.

सर्व्हरच्या वेळेने नोंद झाली, चार वाजून चार. शिफ्ट सुटल्यावर. स्वतःच्या निष्काळजीपणाने.

त्याच संध्याकाळी गहिनीनाथरावांनी वेळ गुपचूप दुरुस्त केली. चौकशीत ते गप्प राहिले.

अश्विनीने सात नंबरचा पत्ता सर्व्हरमधून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी, तीन चोपन्न...

विचारणा आलीच.

शनिवारी गहिनीनाथराव प्रज्ञाकडे, महेंद्रच्या बायकोकडे गेले. खरं सांगायचं ठरवून.

"बसा, काका. लोक पोरांना म्हनत्यात, तुमचा बापच चुकला. तुमी तिथं हुता. खरं सांगा, किती वाजले हुते?"

त्यांनी समोर ठेवलेल्या तांब्याकडे पाहिलं.

"चार... चार वाजून चार."

ती उठली. पाण्याचा तांब्या उचलून आत गेली.

मान खाली घालून ते बाहेर आले. मनगटाकडे पाहिलं. तीन चोपन्न.

मोबाईल काढला...

तीन चोपन्न.

मधली दहा मिनिटं कुठे गेली?

आजही ते रोज सकाळी काटे दहा मिनिटं पुढे करतात. दुपारी तीन चोपन्नला घड्याळ बरोबर वेळ दाखवत असतं. चावीचं साधं घड्याळ आहे ते. कोणत्याच सर्व्हरला वेळ विचारत नाही.

टेबलावर प्रज्ञासाठी लिहायला घेतलेला कागद पडून आहे. तारीख लिहून झाली आहे.

वेळेची जागा अजून कोरी...