शाई वाळत नाही

“मग काय मांजरानं खोडलं?” सून म्हणाली. “घरात आपण दोघीच. त्यांनी मला लिहिलेल्या ओळी तुमच्या डोळ्यांत खुपतात, सासूबाई. एवढं कबूल करा.”

“खुपल्या असत्या तर चूल काय लांब होती?” म्हातारी शिलाई मशीनवरून उठली नाही. “पत्रच घातलं असतं आत. एकेक ओळ रंगवत बसायला मी काय रिकामी आहे?”

भरदुपार होती. टेबलावर मुलाची आघाडीवरून आलेली पत्रं पसरली होती. मुलगा राहिला तिकडेच. परत आली ती त्याची पेटी. पत्रं यायची तेव्हाच लष्कराच्या तपासनिसानं त्यांतली गावांची, डोंगरांची नावं काळ्या पट्ट्यांखाली गाडलेली असायची. लढाईत चालायचंच, म्हणून दोघी गप्प राहिल्या. पण अलीकडे नव्या पट्ट्या दिसू लागल्या. आधी सोबत्यांची नावं गेली. मग ‘पायाला लागलंय, पण घरी कळवू नका म्हणतात’ ही ओळ. आज सकाळी ‘तुझे मोकळे केस आठवतात’.

सुनेनं शेवटचं पत्र ओढून घेतलं. “एवढं एकच धड उरलंय. हे आता माझ्याजवळ...”

ती थांबली. टाक कागदावर घासल्यासारखं काहीतरी वाजत होतं. करकर... करकर... आंबूस शाईचा वास सुटला. समोरची रिकामी खुर्ची जराशी पुढे सरकली, लिहायला बसताना सरकते तशी. आणि दोघींच्या डोळ्यांदेखत ‘आई’ या शब्दावर काळी रेघ चढली, मागे फिरली, जाड झाली. सुनेनं बोट लावलं. ओली.

“सासूबाई... मी उगाच तुम्हाला...”

“ते नंतर. आधी याच्याकडे बघते.”

म्हातारी उठली. अक्षरं तिला कुणी शिकवली नव्हती. म्हातारपणी याच पत्रांवर बोट ठेवून, शब्द मोठ्यानं घोकत ती वाचायला शिकली होती. आता खुर्चीसमोर उभी राहून ती पहिल्या पत्रापासून तोंडपाठ म्हणू लागली. सोबत्यांची नावं घेतली, पायाचं सांगितलं. केसांच्या ओळीशी सुनेकडे पाहून थांबली. ती ओळ सून म्हणाली. हळू, पण स्पष्ट.

करकर वाढली. पत्रांमागून पत्रं काळी होत गेली. दोघींचा आवाज चढत गेला. शेवटचा कागद कोळशासारखा झाला तेव्हा टाक थांबला... दोघी थांबल्या नाहीत.

मग तो पुन्हा वाजू लागला. टेबलावर नाही. म्हातारीच्या अगदी चेहऱ्याजवळ.

“सासूबाई, गप्प बसा... तुमच्या ओठांवर...”

म्हातारीनं तोंडावरून मनगट फिरवलं, त्यावर आलेली काळी ओल निरखून पाहिली, आणि खुर्चीला म्हणाली, “एवढ्याशा शाईनं माझं तोंड बंद व्हायचं नाही, साहेब, आणखी मागवा.”