भाऊजी, सिग्नल बरोबर आहे ना?

यात पदरचं एक अक्षर नाही. बाबांनीच एकदा मला सांगितलं, आणि शेवटचं मी स्वतः घरात बघते. आईसमोर मात्र हा विषय काढत नाही.

बाबा किनाऱ्यावरच्या रेडिओ टॉवरवर तंत्रज्ञ होते. लांब दुसरा एक टॉवर होता. दोन्हींवरून ठरलेल्या क्षणाला सिग्नल सुटायचे. ते किती फरकाने पोचले, यावरून बोटी आपली जागा काढायच्या. वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागाने चुकली, तरी बोट दोन-तीन किलोमीटर भलतीकडे दिसायची.

त्या सकाळी दाट धुकं होतं. साडेनऊला बाबांना वेळ सरकलेली दिसली. नियमाने बोटींना लगेच धोक्याची खूण पाठवायची. पण साहेबांची बोलणी कोण खाणार? पाच मिनिटांत लावतो जागेवर, म्हणून ते बटणं फिरवत बसले.

तेवढ्यात वायरलेसवर मामा. आईचा धाकटा भाऊ, मासेमारीच्या बोटीवरचा.

"भाऊजी, सिग्नल बरोबर आहे ना? का डुलकी काढताय?"

"बरोबर आहे रे. ये बिनधास्त."

बोट खडकावर फुटली.

मामा सापडलाच नाही.

बाबांनी नोंदवहीत काही लिहिलं नाही. आईलाही सांगितलं नाही.

पुढच्या धुक्यात, सकाळी साडेनऊला… वायरलेस खरखरला.

"भाऊजी, सिग्नल बरोबर आहे ना?"

बाबा ओरडले, "नाही! चुकलाय! मागे फिर!"

खरखर थांबली.

"बरं… येतो मग बिनधास्त."

आणि लाकूड फुटल्याचा आवाज.

दर धुक्यात हेच. बाबांनी शिव्या घातल्या, हात जोडले, एकदा नुसते गप्प राहिले. पलीकडून उत्तर तेच.

एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आई टॉवरच्या खोलीत गेली. तिने भावाचा आवाज ओळखला. बाबांच्या हातातला माईक हिसकावून घेतला.

"नको रे येऊस! मी ताई बोलतेय!"

वायरलेस पुन्हा खरखरला…

"ताई पण म्हणतेय ना? मग येतो."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली. तिला सगळं कळलं.

त्याला सात वर्षं झाली. ती बाबांशी एक शब्द बोललेली नाही.

टॉवर आता पाडलाय. वायरलेस भंगारात गेला. आमच्या घरात साधा रेडिओही नाही.

तरी धुकं पडलं की बाबा खुर्चीत ताठ बसतात. साडेनऊला पुटपुटतात, "नाही रे… मागे फिर…"

मला काहीच ऐकू येत नाही.

पण पलीकडच्या खोलीत… त्याच क्षणी आई दोन्ही कान दाबून धरते.