एका पुस्तकाचे दोन मालक

"सोडा ना!" मी म्हटलं.

"तुम्ही सोडा," तो म्हणाला.

ब्रिस्बेनच्या ग्रीक चर्चची जत्रा, जुन्या पुस्तकांचं टेबल, आणि उष्ण हवेतल्या बागेवरचं एकुलतं एक पुस्तक दोघांच्या हातात! मधातले गोळे खाऊन त्याची बोटं चिकट झाली होती.

"अहो, मध लागतोय त्याला!"

"लागला ना? मग आता उष्टं झालं. माझंच."

काय निर्लज्ज माणूस! आणि मला हसू का येत होतं?

मला ते पुस्तक हवंच होतं. मी मेलबर्नची. आमच्याकडे नोव्हेंबरातल्या, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावरच्या, मोठ्या घोडाशर्यतीचा दिवस म्हणजे टोमॅटो लावायचा मुहूर्त. बाबांनी तो कधी चुकवला नाही, म्हणून इथे आल्यावर मीही चुकवला नाही. मग उकाडा, धो धो पाऊस, फळमाशी... एक टोमॅटो तोंडाला लागला असेल तर शपथ! दुकानातली पुस्तकं म्हणतात, हिमाचा धोका टळू द्या. इथे कसलं डोंबलाचं हिम?

"माझंही तेच झालं," तो म्हणाला. थानासी त्याचं नाव, औषधांच्या दुकानात कामाला. "जन्म इथला, पण टीव्हीवरची मेलबर्नची बाई सांगते तेव्हाच लावत आलो."

शेवटी पैसे निम्मे-निम्मे, पुस्तक आठवडा-आठवडा. दर शनिवारी सकाळी नदीच्या धक्क्यावर अदलाबदल करायची.

पुस्तक म्हणत होतं, टोमॅटो थंडीच्या तोंडावर लावा. सगळंच उलटं! तरी दोघांनी लावले.

"फुलं आली, ब्रॉनी?" त्याने एका शनिवारी विचारलं. आम्ही कधी 'तू'वर आलो, कळलंच नाही.

"आली की! तुझ्याकडे?"

"आली... पण तुझ्याइतकी छान नाहीत."

"माझ्याइतकी?"

"म्हणजे— तुझ्या झाडांइतकी." त्याचे कान लालबुंद झाले. पुस्तक काखेत मारून तो बोटीत चढला, आणि बोट पार वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

आता याचा अर्थ काय लावायचा? माझ्यासाठी येतो की पुस्तकासाठी? माझ्यासाठी, तर बोलत का नाही? पुस्तकासाठी, तर कॉफी कशाला आणतो? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. विचारायची सोय नव्हती. 'पुस्तकासाठी' म्हणाला असता तर?

आणि ऑगस्टमध्ये, एका रद्दीच्या दुकानात, तेच पुस्तक पुन्हा सापडलं. दुसरी प्रत! आनंदाने घेतली आणि रस्त्यावर येताच थबकले. आता शनिवार कशाला?

लपवावी असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, एक शनिवार लपवलीही. मग राहवेना. पुढच्या शनिवारी ती त्याच्या हातात कोंबली.

"घे. तुझं तुला झालं. आता... आता यायला नको तुला."

तो पुस्तकाकडे बघत बसला. बोट लागली, माणसं उतरू लागली. तसा तो एकदम उठला आणि रोपाची कुंडी कवटाळून उतरणाऱ्या एका बाईंना त्याने गाठलं.

"काकू, बाग आहे ना तुमची? हे पुस्तक घ्या. फार चांगलं आहे."

काकू खूश होऊन निघूनही गेल्या.

"थानासी! अरे, माझ्या पैशाचं होतं ते!"

"मग भांड ना." तो म्हणाला. "आज भांड. पुढच्या शनिवारी भांड, त्याच्या पुढच्याही. मला तू आवडतेस गं. मला काय करायचीय दुसरी प्रत?"

माझ्या डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. मी त्याचा हात घट्ट धरला. बोट गेली, आम्ही दोघं धक्क्यावरच राहिलो.