अंबूबाईच्या टेबलावरचा डाग

रविराज, तो मोबाईल उलटा ठेव. सृष्टी, तू पण. मी सांगताना मधेमधे उजेड नको. नायतर मी चाललो झोपायला, मग बसा बोंबलत.

ही ऐकीव गोष्ट नाय. आपल्या जेल रोडचा गोरक्ष, माझ्यासोबत कामाला होता, त्याच्या घरातली. मागच्या वर्षीची कार्तिक अमावस्या, गुरुवार. संध्याकाळी बिटको चौकात भेटला. हातात पॉलिश पेपर, पॉलिशची बाटली, अन् तोंड असं की विचारायची सोय नाय.

"काय झालं रे?"

"नाना, एक डाग निघंना. डोकं फुटायची वेळ आलीय."

त्याची आई अंबूबाई आश्विनात गेली. दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. पिंड ठेवला, पण कावळा काय शिवंना. ऊन डोक्यावर आलं. धाकटा भाऊ महेश सिन्नरहून आला होता, एका कडेला उभा. आईला कुणी सांभाळायचं यावरून दोघांचं फाटलेलं, कैक वर्षं बोलणं नाय. शेवटी गोरक्षनं हात जोडले. "आई, तुझं सागवानी टेबल महेशला देतो." शब्द संपतोय तोच कावळा खाली! महेश एवढंच म्हणाला, "न्यायला येईन."

अन् या बहाद्दरानं काय केलं? त्याच टेबलावर आईचा फोटो ठेवला, पुढं रोज सकाळी चहा. एकदा उकळता चहा स्टीलच्या ग्लासात ओतला अन् खाली काही न घेता टेकवला. ग्लास उचलला तर हे एवढं पांढरं गोल!

"उद्या सकाळी महेश टेम्पो घेऊन येतोय, तसा निरोप आलाय," गोरक्ष म्हणाला. "म्हणेल, द्यायचं जिवावर आलं म्हणून मुद्दाम खराब केलं. परत भाऊ हाताला लागायचा नाय, नाना."

टूथपेस्ट लावून झाली. खोबरेल तेल चोळून झालं. त्याच्या बायकोनं, निकितानं, सुती कपडा टाकून वरून इस्त्री फिरवली. डाग जायचा, बरं का. पूर्ण जायचा. अन् सकाळी चहाच्या वेळेला तिथंच परत. वर हात ठेवला तर गरम!

त्या रात्री निकिता म्हणाली, "झोपा आता. भावजींना उद्या खरं काय ते सांगा." हा भडकला. "तू जा, झोप. मी बघतो या डागाकडं."

साडेबारा वाजले. हा घासतोय. दात-ओठ खाऊन घासतोय. डाग गेला. वर पॉलिशचा हात फिरवला. टेबल कसं आरशासारखं चमकलं. बोळा खाली ठेवला अन् बघतो तर…

ओल्या पॉलिशखालून गोल वर येत होतं. हळूहळू. डोळ्यांदेखत.

गोरक्षच्या डोळ्यांत पाणीच आलं रागानं. "आई, का छळतेस गं? देतोय ना त्याला! अजून काय पाहिजे तुला?"



मग वास आला. चहाचा. आल्याचा.

गॅस बंद. निकिता आत झोपलेली.

हा तसाच गॅलरीत पळाला. थंडीत कुडकुडत महेशला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "महेश… टेबल माझ्याकडनं खराब झालं. मुद्दाम नाय रे केलं. आईशप्पथ."



"दादा, डाग पडला तर पडला. तसंच नेईन मी. येडा हाय का तू?"

गोरक्ष रडतच होता.

"दादा…"

"काय?"

"तुझ्यामागं कोण बोलतंय?"

"कुणी नाय."

"बाई हाय कोणतरी. 'जेवला का विचार त्याला'… असं म्हणतेय."

गोरक्ष वळला नाय.

 पण फोन कुणीच ठेवला नाय. उजाडेपर्यंत.

सकाळी दोघं नवरा-बायको टेबलापाशी गेले. डाग नव्हता. खूणसुद्धा नाय. पॉलिश वाळून कडक झालं होतं… अन् त्यात एक पंजा उमटलेला. बारका, बाईचा. निकितानं आपला हात वर धरून पाहिला, तिची बोटं पुढं गेली. दाराला आतून कडी होती.

काय गं सृष्टी, आता का सरकतेस जवळ?

महेश आला. बघितलं. मोठ्या भावाच्या गळ्यात पडला. मागच्या महिन्यात मी सिन्नरला त्याच्याकडं गेलो होतो. पंजा अजून तसाच हाय. त्याची बायको म्हणते पॉलिशवाल्याला बोलवू, पण महेश त्या पंजाला फडकंसुद्धा लावू देत नाय.